सतरा माणकं

आमच्या आप्पांच्या मनगटावर एचएमटीचं 'जनता' घड्याळ असायचं. रोज सकाळी आंघोळ झाली की ते खिडकीपाशी उभे राहून त्याला चावी द्यायचे, कानाशी धरून टिकटिक ऐकायचे, मगच पट्टा बांधायचे. त्या घड्याळाच्या तबकडीवर बारीक अक्षरांत '१७ ज्वेल्स' असं लिहिलेलं होतं. मी तिसरी-चौथीत असेन. ज्वेल्स म्हणजे काय, असं विचारल्यावर आप्पा अगदी सहज म्हणाले, "आत सतरा माणकं आहेत."

झालं! त्या दिवसापासून आपण श्रीमंत आहोत अशी माझी पक्की खात्री झाली. आईच्या गळ्यात दोन वाट्या आणि काळे मणी, आणि आप्पांच्या हातावर सतरा माणकं! पुढे एकदा घड्याळ मागे पडायला लागलं म्हणून दुरुस्तीला नेलं, तेव्हा मी हट्टाने बरोबर गेलो. दुकानदाराने डोळ्याला लावायचं भिंग माझ्या हातात दिलं. पाहतो तर मोहरीपेक्षाही बारीक, गुलाबी, चकचकीत ठिपके, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक भोक. त्या भोकात चाकाच्या कण्याचं टोक फिरत होतं. "खोटी आहेत रे बाळा, कारखान्यातली," दुकानदार म्हणाला. माझी श्रीमंती तिथेच संपली.

पण त्या भोकांनी डोक्यात घर केलं ते केलंच. माणिक तर लोखंडाने कापत नाही, मग एवढ्या बारीक खड्याला एवढं गोल भोक पाडलं कुणी आणि कशाने?

आज त्याबद्दलच लिहायचं आहे. गोष्ट जरा लांबची आहे, मध्ये थोडं पदार्थविज्ञानही येईल, पण घाबरू नका. नातेवाईक मंडळींनी कंटाळा आला तर सरळ शेवटच्या परिच्छेदावर उडी मारावी, राग नाही. :-)

आधी तो 'खोटी' शब्द काढून टाकू. माणिक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, ज्याला अ‍ॅल्युमिना म्हणतात, आणि त्यात चिमूटभर क्रोमियम. लाल रंग येतो तो क्रोमियममुळे. ओगस्त व्हर्नई नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली अ‍ॅल्युमिनाची भुकटी भट्टीच्या ज्योतीतून खाली सोडून, थेंब थेंब साठवत माणकाची कांडी 'वाढवायची' रीत जाहीर केली. रसायन तेच, कठीणपणा तोच, फक्त जमिनीऐवजी कारखान्यातून आलेलं. त्यामुळे घड्याळात माणिक घालणं परवडायला लागलं. त्याआधी खरीखुरी माणकं वापरत. दगडाला भोक पाडून घड्याळात बसवायच्या युक्तीचं पेटंट लंडनमध्ये १७०४ सालीच घेतलं गेलं होतं, निकोला फातिओ हा स्विस गणिती आणि त्याचे दोन जोडीदार यांच्या नावावर. भोक कशाने पाडायचं, तर हिऱ्याच्या भुकटीने. सुईसारखं टोक, त्यावर तेलात कालवलेली हिऱ्याची पूड, आणि फिरव फिरव फिरवायचं. कठीण वस्तूला झिजवायचं तर तिच्याहून कठीण वस्तू हवी, हा नियम जगाला हजारो वर्षं माहीत होता आणि दुसरा कुठला नियम माहीत नव्हता.

दुसरा नियम सापडला तो १६ मे १९६० या दिवशी, आणि गंमत म्हणजे माणकातूनच सापडला.

कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथल्या ह्यूज रिसर्च लॅबोरेटरीजमध्ये थिओडोर मेमन नावाचा इंजिनिअर-शास्त्रज्ञ होता. लेसर बनवायची शर्यत तेव्हा जोरात होती आणि मोठमोठ्या संस्था पैसे ओतत होत्या. माणिक या कामाचं नाही असं जवळजवळ ठरून गेलं होतं, कारण त्यात शोषलेल्या प्रकाशापैकी जेमतेम एक टक्काच उपयोगी लाल प्रकाश म्हणून बाहेर येतो अशी एक मोजणी प्रसिद्ध होती. मेमनने ती मोजणी स्वतः पुन्हा केली. उत्तर आलं सुमारे ७५ टक्के! मग त्याने फोटोग्राफीसाठी मिळणारा स्प्रिंगसारखा वळवलेला फ्लॅशचा दिवा घेतला, त्याच्या मधोमध बोटाच्या पेराएवढी माणकाची कांडी ठेवली, कांडीच्या टोकांना चांदीचा मुलामा दिला आणि दिवा उडवला. जगातला पहिला लेसर. त्याचा निबंध एका प्रतिष्ठित अमेरिकन नियतकालिकाने साभार परत केला, तो ६ ऑगस्ट १९६० च्या 'नेचर'मध्ये छापून आला.

आता लक्षात घ्या, हा दिवा फ्लॅशचा होता. म्हणजे लेसरही सतत जळणारा नव्हता, एका झटक्याचा होता. लेसरच्या भाषेत त्याला 'पल्स' म्हणतात. जन्मच पल्समध्ये झाला, आणि कठीण दगडांच्या बाबतीत पुढची सगळी साठ-पासष्ट वर्षं ही पल्स किती आखूड करता येते याचीच कहाणी आहे.

सुरुवातीला या यंत्राचं करायचं काय हेच कुणाला कळत नव्हतं. मेमनचा सहकारी थट्टेने म्हणायचा की हे उत्तर आहे, आता प्रश्न शोधा. लेसरची ताकद मोजायचं गमतीचं एकक होतं 'जिलेट', म्हणजे एका झटक्यात दाढीची किती पाती आरपार भोसकली गेली! पण १९६५ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीला खरा प्रश्न सापडला. टेलिफोनची बारीक तार ओढायला हिऱ्याच्या साच्यातून काढावी लागते. साच्याचं भोक झिजून मोठं झालं की ते पुन्हा नीट करावं लागे, आणि हिऱ्याला भोक पाडायचं तर हिऱ्याचीच पूड. त्यात तासन् तास जात. माणकाच्या लेसरने तेच काम मिनिटांवर आलं. जगातली सगळ्यात कठीण वस्तू, आणि तिला भोक पाडणारी वस्तू साधा प्रकाश!

आणि आता एक आपल्या मातीतला माणूस. चंद्रकुमार नारणभाई पटेल. जन्म बारामतीचा, १९३८ सालचा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ साली पदवी घेतली, मग स्टॅनफर्ड, मग बेल लॅब्ज. तिथे १९६४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर बनवला. आपण उच्छ्वासात सोडतो तोच वायू. बारामती म्हटलं की आपल्याला काय काय आठवतं, पण हे नाव किती जणांना आठवतं बरं? मला स्वतःला ते नोकरी लागल्यावर कळलं, आणि तेही अमेरिकन पुस्तकातून. १९९६ सालचं अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळालं.

या लेसरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे निव्वळ उष्णतेचा किरण. पण अ‍ॅल्युमिनासाठी तो अगदी नेमका निघाला. पांढरा अ‍ॅल्युमिना दिसणारा प्रकाश इकडेतिकडे उधळून लावतो, पोटात घेत नाही. हा अदृश्य किरण मात्र वरच्या थरातच शोषून घेतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत अ‍ॅल्युमिनाच्या पातळ चकत्यांवर सर्किट छापत. एका मोठ्या चकतीवर अनेक सर्किटं छापायची आणि मग ती सुटी करायची. करवत चालवायची तर हिऱ्याची हवी. त्याऐवजी या लेसरच्या झटक्यांनी अर्धवट खोल भोकांची रांग पाडायची आणि हाताने कट्कन मोडायचं, पोस्टाच्या तिकिटांसारखं. सिरॅमिक ठिसूळ असतं हाच तर त्याचा दोष. इथे तो दोषच कामाला जुंपला.

आता माझी वेळ.

१९९४ साली मी भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात लागलो. पंपांच्या सीलसाठी लागणाऱ्या अ‍ॅल्युमिनाच्या कड्या तिथे घासून, चमकवून तयार व्हायच्या. पंपाचा दांडा फिरतो तिथून पाणी गळू नये म्हणून दोन कड्या एकमेकींवर घासत राहतात, ते सील. कड्यांवर बॅच नंबर उमटवायला एक जुना यॅग लेसर घेतला होता. नंबर फिका उमटतो अशी तक्रार आली. मला नवीन नवीन उत्साह! मी अतिशय आखूड झटके देणारी सोय बंद केली आणि लांब, जाड झटके लावले. नंबर कसा ठसठशीत उमटला म्हणून सांगू! चाळीस कड्या अर्ध्या तासात केल्या आणि मिरवत आमच्या फोरमनना दाखवायला नेल्या. त्यांना सगळे मामा म्हणायचे.

मामा काही बोलले नाहीत. खिशातून शाईचं पेन काढलं, शाईचे दोन थेंब कडीवर टाकले, चोळले आणि फडक्याने पुसले. शाई पुसली गेली, पण नंबराच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या निळ्या रेषा राहिल्या. दुसरी कडी, तेच. तिसरी, तेच. चाळीसच्या चाळीस.

"अहो पण मामा, दगड आहे तो! दोन हजार अंशांना वितळतो," मी म्हणालो.

"थंडीत काचेच्या ग्लासात उकळता चहा ओततोस का रे? काच कुठे वितळते? फुटते."

एवढंच म्हणाले. चाळीस कड्या भंगारात गेल्या. त्यातली एक जरी पुढे गेली असती तर कुठेतरी पंप चालू असताना तिचे तुकडे झाले असते, आणि पंपात दर वेळी पाणीच असतं असं नाही, आम्लही असतं. त्या विचाराने मला रात्री झोप लागली नाही.

मामांनी चहाच्या ग्लासात सांगितलं ते पुस्तकात असं लिहिलेलं असतं. सिरॅमिक कठीण असतं, उष्णता सोसतं, पण ताण सोसत नाही. एक ठिकाण तापून फुगलं आणि शेजारचं थंड राहिलं की दोघांत ओढाताण होते. धातू अशा वेळी थोडा वाकून घेतो, सिरॅमिकला वाकणं माहीत नाही, ते तडकतं. आणि उष्णतेला पसरायला वेळ लागतो, सारा खेळ त्या वेळेचा. अ‍ॅल्युमिनात एका मिलिसेकंदात उष्णता साधारण दशांश मिलिमीटर आत शिरते. तोच झटका दहा नॅनोसेकंदांचा केला, म्हणजे एका लाखाने आखूड केला, तर ती मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच शिरते. वरचा थर वाफ होऊन उडतो आणि खालच्याला पुरतं कळायच्या आत झटका संपलेला असतो. नॅनोसेकंदाचे 'दांडगे' झटके काढायची युक्ती ह्यूजच्याच प्रयोगशाळेत हेलवर्थ आणि मॅक्लंग यांनी १९६२ साली दाखवली होती. माझ्या यंत्रावर ती सोय होती. मी ती बंद केली होती. शहाणाच मी!

त्या प्रकरणानंतर मी या विषयातलं मिळेल ते वाचायला लागलो आणि एक मजेशीर गोष्ट ध्यानात आली. साठच्या दशकातल्या निबंधांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: नुकसान. दांडगे झटके यायला लागले तेव्हा लेसरची स्वतःची माणकाची कांडीच आतून फुटायची, भिंगं आणि आरसे जायचे. लेसरने होणाऱ्या नुकसानीवर चर्चा करायला १९६९ पासून अमेरिकेत बोल्डर इथे चक्क परिसंवाद भरायला लागला. १९६५ साली मिल्टन बर्नबाउम यांनी माणकाच्या लेसरचे झटके अर्धवाहक पदार्थांच्या पृष्ठभागावर मारले, तर तिथे वाळूवर वाऱ्याने उमटतात तशा समांतर बारीक लहरी उमटल्या. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातही शब्द होता 'नुकसान'. त्या लहरी का उमटतात याचं नीट गणित १९८३ साली कॅनडातल्या संशोधकांनी मांडलं. येणारा प्रकाश आणि पृष्ठभागाच्या खरबरीतपणामुळे तिथल्या तिथे विखुरलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात, कुठे जोर वाढतो कुठे कमी होतो, आणि तेच पट्टे पदार्थावर कोरले जातात.

आज त्याच लहरी लोक मुद्दाम काढतात. धातूवर, काचेवर, सिरॅमिकवर. पाणी चिकटू नये म्हणून, रंग दिसावा म्हणून, पेशींनी एका दिशेने वाढावं म्हणून. एकाचं नुकसान ते दुसऱ्याचं नक्षीकाम.

माझ्या स्वतःच्या धंद्यातलं उदाहरण तर जिव्हारी लागणारं आहे. इस्रायलमध्ये हैफाच्या टेक्निअन संस्थेत इझाक एट्सिऑन नावाचे प्राध्यापक. १९९६ साली त्यांनी सीलच्या कडीवर बारीक बारीक खळगे मुद्दाम ठेवले तर काय होईल याचं गणित प्रसिद्ध केलं. मग सिलिकॉन कार्बाइडच्या कड्यांवर पल्स लेसरने असे खळगे पाडून पाहिले, केसाच्या जाडीच्या आसपास रुंद आणि काही मायक्रॉन खोल. कडी फिरायला लागली की प्रत्येक खळग्यातलं पाणी दाबलं जातं आणि दोन कड्या एकमेकींपासून किंचित उचलल्या जातात. घर्षण उतरतं. म्हणजे आम्ही भोसरीत जिवाचा आटापिटा करून कडी आरशासारखी गुळगुळीत करत होतो, आणि तिकडे हा माणूस तिला देवीचे व्रण आल्यासारखं करून जास्त चांगली चालवत होता! अर्थात खळग्यांच्या काठावर वितळून उठलेला कंगोरा नंतर घासून काढावा लागतो. ते काम मात्र आमच्यासारख्यांचंच.

पल्स आखूड करायच्या शर्यतीतली मोठी उडी १९८५ सालची. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात डोना स्ट्रिकलंड ही विद्यार्थिनी आणि तिचे मार्गदर्शक जेरार मुरू. अतिशय आखूड झटका जोरदार करायला गेलं की तो वाटेतल्या काचांचंच नुकसान करतो (पुन्हा तोच शब्द!). यांनी काय केलं, तर झटका आधी लांबवला, म्हणजे तो सौम्य झाला, मग त्याला ताकद दिली आणि शेवटी पुन्हा आवळला. २०१८ साली दोघांना यासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. आता फेमटोसेकंदांचे जोरदार झटके हाताशी आले. फेमटोसेकंद म्हणजे किती, तर प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो, तोच शंभर फेमटोसेकंदांत तीस मायक्रॉन जातो. केसाची जाडीसुद्धा ओलांडत नाही. एवढ्या वेळात पदार्थातले इलेक्ट्रॉन ऊर्जा घेतात, पण ती अणूंना द्यायला त्यांना सवडच मिळत नाही. अणू हलायला लागतात तोवर झटका संपलेला असतो. वरचा थर निघून जातो आणि खाली तडा नाही, वितळल्याची खूण जवळजवळ नाही. चहा ओतायच्या आतच ग्लास रिकामा, असं काहीतरी. पण हेही सर्वगुणसंपन्न नाही. काम लवकर उरकावं म्हणून झटके फार भराभर मारले तर उष्णता साठत जाते आणि तडे परत येतात. घाई नडते, इतकंच.

गेल्या वर्षी आईच्या दाढेवर कॅप बसवली. डॉक्टर म्हणाले, झिरकोनियाची आहे. घरी आल्यावर मी तिला सांगितलं की हे झिरकोनियमचं ऑक्साइड, अमेरिकन डायमंडही त्याचाच. आई आरशापुढे उभी राहून म्हणाली, "म्हातारपणी हिरा लागला म्हणायचा." ही झिरकोनिया इतकी चिवट असते की आम्लाने खरबरीत होत नाही, आणि खरबरीत नसेल तर आतलं सिमेंट नीट धरत नाही. म्हणून तिच्या आतल्या बाजूवर अ‍ॅल्युमिनाच्या पुडीचा मारा करतात. लेसरने बारीक खाचा पाडूनही पाहिलं जातं, आणि तिथे निष्कर्ष माझ्या चाळीस कड्यांचाच आहे: लांब झटक्यांनी तडे, आखूड झटक्यांनी स्वच्छ खाच.

आणि घड्याळातलं ते भोक? १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या माणकांना पल्स लेसरने भोकं पाडायला लागले. माणकातून निघालेल्या विद्येने माणकाला भोक. पण १९६९ च्या नाताळात जपानमध्ये क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ बाजारात आलं होतं, आणि पुढे बघता बघता सतरा माणकांची गरजच संपत गेली. एचएमटीची घड्याळं बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला. आप्पांच्या घड्याळातली माणकं हिऱ्याच्या पुडीने भोकसलेली की लेसरने, हे मला ठाऊक नाही, आणि आता विचारायला तो दुकानदार नाही आणि आप्पाही नाहीत. घड्याळ आहे. दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. मी सकाळी चावी देतो.

त्या चाळीस कड्यांतली एक मी मामांकडून मागून घेतली होती. माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असते. अंगठ्याने चाचपली तर हाताला काहीच लागत नाही, अगदी गुळगुळीत. निळ्या रेषा मात्र अजून आहेत. मामा निवृत्त होऊन गावी गेले. शाईचं पेन मात्र मी तेव्हापासून खिशात ठेवतो, आणि नवीन मुलगा 'सर, एकदम मस्त उमटलंय' म्हणत कडी घेऊन आला की आधी टोपण काढतो.